प्रश्न तुमचे : सह्याद्री चढलो, मग उतरलो कुठे?

मे महिना सरत आला की उपनगरांतून येणाऱ्या पत्रांत डोंगर शिरतात. या खेपेला तर घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंतच्या वाचकांनी जणू ठरवून एकाच मुलखाबद्दल विचारलं आहे : माळशेज, हरिश्चंद्रगड, नाणेघाट हा पठारी माथा आणि तो दाखवणारे भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे, म्हणजे ट्रेकर मंडळींच्या तोंडचं ‘टोपोशीट’. म्हणून आजची सगळी जागा त्याच विषयाला.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाला जायचं म्हणून मित्राने टोपोशीट दिलं. कोकणाच्या बाजूला तपकिरी रेषा इतक्या दाट आहेत की त्यांचा एकच पट्टा झालाय. अकोले तालुक्याच्या बाजूला मात्र त्याच रेषा सैल पडत जातात. एकाच डोंगराच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या कशा? (घाटकोपर)

उत्तर : कारण आपण ज्याला डोंगर म्हणतो ती मुळात एका उंच पठाराची कड आहे, आणि तुमच्या नजरेने ती नकाशावर बरोबर पकडली आहे.

समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरची ठिकाणं जोडणारी ती समोच्च रेषा. १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर आपल्या भागात दोन रेषांमध्ये सहसा २० मीटर उंचीचा फरक असतो. दर पाचवी रेषा जाड काढलेली असते, म्हणजे दर १०० मीटरला एक जाड रेषा. रेषा दाट तिथे चढ खडा, विरळ तिथे जमीन सपाट. हरिश्चंद्रगडाची उंची १,४०० मीटरच्या वर. कोकणकड्याच्या माथ्यापासून खाली बेलपाड्याच्या रानापर्यंत सुमारे हजार मीटरची घसरण आहे. म्हणजे पन्नासेक रेषा नकाशावर बोटभर जागेत बसवाव्या लागतात. पाचनईच्या बाजूला ओढे लांबच लांब खोऱ्यांतून सावकाश उतरतात, म्हणून तिकडच्या रेषाही ऐसपैस.

याचा पुरावा तुम्ही मध्य रेल्वेवर अनेकदा अनुभवला असेल. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात आणि १:३७ च्या चढावरून गाडी इगतपुरीला पोचते. तिथे बँकर सुटतात. डोंगररांग ओलांडली असती, तर पलीकडे तेवढंच उतरावं लागलं असतं. पण इगतपुरी सुमारे ६०० मीटरवर आणि नाशिकही साधारण तितक्याच उंचीवर! बोरघाटातही तेच : कर्जतहून चढलेली गाडी लोणावळ्यानंतर पुण्यापर्यंत फारशी उतरत नाही. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये कसाऱ्याचा थळघाट रेल्वेने ओलांडला, तेव्हा अभियंत्यांपुढचा प्रश्न एका भिंतीवर चढण्याचा होता. पलीकडे उतरण्याचा प्रश्नच नव्हता.

हे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं. जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. आज तो खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. त्यानंतर सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला आणि आपला पश्चिम किनारा घडला. तेव्हापासून कोकणातल्या आखूड, वेगवान नद्या पठाराची कड खात पूर्वेकडे सरकत आहेत, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आज ती कड महाबळेश्वरपाशी समुद्रापासून साठेक किलोमीटर आत आहे, तर हरिश्चंद्रगडापाशी शंभरच्या घरात. दक्षिण आफ्रिकेतला ड्राकेन्सबर्ग हाही असाच बसाल्ट माथ्यावर असलेला पठाराचा कडा आहे, आणि इथिओपियातले सपाट माथ्याचे ‘अंबा’ डोंगरही लाव्हाच्या थरांतूनच कोरले गेले आहेत. तिथल्या राजांनीही त्यांवर किल्ले बांधले.

प्रश्न : नववीच्या मुलांना समोच्च रेषा शिकवते. सह्याद्रीच्या नकाशात रेषा दाट, मग विरळ, मग पुन्हा दाट असे पट्टे दिसतात. मुलं कारण विचारतात. काय सांगू? (मुलुंड)

उत्तर : बाई, मुलांचं निरीक्षण फार मोलाचं आहे. त्यांना सांगा, लाव्हाचे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक आडवे बसलेले आहेत, पण सगळे सारखे कणखर नाहीत. घट्ट, एकजीव बसाल्ट झिजायला चिवट, त्याचा उभा कडा होतो. वायूच्या पोकळ्यांनी भरलेला थर लवकर कुजतो, त्याचा उतार किंवा सपाट पट्टा होतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून काही ठिकाणी लाल मातीचा थर तयार झाला, तो तर सर्वांत मऊ. म्हणून सह्याद्रीचा कोणताही उतार पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि नकाशात त्याच पायऱ्या पट्ट्यांच्या रूपाने उतरतात.

आपल्या इतिहासाचं बरंचसं बांधकाम याच पायऱ्यांवर उभं आहे. खालच्या रुंद पायरीवर माची, वरच्या चिमुकल्या सपाटीवर बालेकिल्ला, आणि मधल्या उभ्या कड्याने निम्मी तटबंदी फुकट दिलेली. वरच्या खडकाच्या भेगांतून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थराशी अडतं आणि कड्याच्या पोटातून पाझरतं. म्हणून इतक्या उंचीवर कोरीव टाक्यांत उन्हाळ्यातही पाणी मिळतं. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कंबरभर गार पाणी असतं, तेही याच व्यवस्थेमुळे.

वर्गात एक उपक्रम करून पाहा. कागदाची सरळ पट्टी नकाशावर कोकणकडा ते पाचनई अशी ठेवायला सांगा. पट्टी जिथे जिथे जाड रेषा छेदते तिथे खूण आणि उंची लिहायची. मग आलेखाच्या वहीत त्या उंचीचे बिंदू मांडून जोडायचे. डावीकडे एकदम उभी भिंत, मग माथा आणि उजवीकडे लांबत गेलेला उतार असा छेद मुलांच्या स्वतःच्या हाताने तयार होईल. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा तो जास्त लक्षात राहील.

प्रश्न : कोकणकडा आतल्या बाजूला वाटीसारखा वळलेला आहे, माथा पुढे झुकलेला आहे. टोपोशीटवर आणि फोनमधल्या नकाशावर ते का दिसत नाही? आणि या सगळ्या उंच्या मोजतात तरी कुठून? (अंधेरी)

उत्तर : कड्याचा अर्धगोल आकार टोपोशीटवर दिसतो, रेषा घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या असतात. पण पुढे झुकलेला माथा समोच्च रेषांनी दाखवता येत नाही. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जमीन. कडा पुढे आला तर वरच्या उंचीची रेषा खालच्या उंचीच्या रेषेला ओलांडून जाईल आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. म्हणून अशा जागी रेषा एकत्र मिळवून कड्याची स्वतंत्र खूण काढतात. टोपोशीटवर ती खूण दिसली की समजावं, इथे पायवाट शोधायची नाही.

फोनची अडचण निराळी आहे. अनेक अ‍ॅप २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकन अवकाशयानाने केलेल्या रडार मोजणीवर किंवा तशाच उपग्रही मोजणीवर चालतात. त्यात साधारण दर ३० मीटरला एक उंची नोंदलेली असते. मधला भाग गणिताने भरला जातो आणि उभा कडा तीव्र उतार म्हणून उतरतो. अशा गुळगुळीत उतारावर भरवसा ठेवून वाट काढणं जिवावर बेतू शकतं.

उंची मोजायची ती सरासरी समुद्रसपाटीपासून. देशाची उंचीची जी पायाभूत मोजणी १९०९ मध्ये पक्की झाली, ती नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर आधारलेली होती आणि त्यांतलं एक आपलं अपोलो बंदर. कळसूबाईच्या त्रिकोणी खुणेशेजारी लिहिलेले १,६४६ मीटर हे त्या मोजणीशी बांधलेले आहेत.

कोकणकड्याची आणखी एक गोष्ट नकाशात मावत नाही. पावसाळ्याच्या आगेमागे सकाळी ऊन पाठीशी आणि समोरच्या खोल दरीत ढग असले, तर ढगावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मध्ये पाहणाऱ्याचीच सावली. याला इंद्रवज्र म्हणतात. इंग्रज अधिकारी कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या हवामानावर १८३५ मध्ये छापलेल्या लेखात त्याचं वर्णन केलं आहे.

प्रश्न : आमच्या खिडकीतून कान्हेरीचे डोंगर दिसतात. तेही याच पठाराचे तुकडे आहेत का? (बोरिवली)

उत्तर : खडकाची जात तीच, पण बैठक वेगळी. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेल–कल्याणच्या पट्ट्यापासून पश्चिमेकडे ते समुद्राच्या दिशेने कलायला लागतात आणि साष्टीत तो कल दहा अंशांच्या वर जातो. थर कललेले असल्यामुळे इथे सपाट माथ्याचं पठार उरलं नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली सर्वांत उंच जागाही ५०० मीटरला पोचत नाही.

मुंबईच्या खडकात विविधताही जास्त. कान्हेरीची लेणी ज्वालामुखीच्या तुकड्यांनी बनलेल्या खडकात कोरलेली आहेत. अंधेरीचा गिल्बर्ट हिल म्हणजे लाव्हा सावकाश निवताना त्याला उभे तडे जाऊन तयार झालेल्या खांबांचा सुमारे ६० मीटर उंचीचा सुळका. वरळीला तर लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये इथे गोड्या पाण्याची दलदल होती. उपनगरांचं ४७ ए/१६ आणि हरिश्चंद्रगडाचं ४७ ई/१५ ही दोन पत्रकं शेजारी ठेवून पाहिलीत, तर एकाच लाव्हाचे हे दोन स्वभाव ध्यानात येतील.

प्रश्न : कासच्या पठारावर एवढा पाऊस पडतो, तरी झाडं का नाहीत? घाटमाथ्यावरची सगळीच पठारं अशी उघडी का? (अंधेरी)

उत्तर : सगळी नाहीत. भीमाशंकरचा माथा गर्द जंगलाचा आहे. पण कास, पाचगणी, महाबळेश्वरच्या माथ्यांवर बसाल्टच्या वर जांभ्याचा थर आहे. उष्ण आणि दमट हवेत खडक लाखो वर्षं कुजला, विरघळणारे घटक पावसाने वाहून गेले आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमचं कवच मागे राहिलं. त्यावर माती बोटभरसुद्धा नसते. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात तोच उघडा माथा, म्हणजे सडा, तव्यासारखा तापतो. मोठ्या झाडाची मुळं रुजणार कुठे?

मात्र तिथे काही उगवत नाही असं समजू नका. कास सुमारे १,२०० मीटरवर आहे आणि तिथे ८५० हून अधिक जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. गेंद, तेरडा, सीतेची आसवं, साताऱ्याच्या पठारांवर वाढणारा वायतुरा या सगळ्यांचा संसार दोन-तीन महिन्यांचा. सीतेची आसवं ही वनस्पती तर मातीत पोषण नाही म्हणून सूक्ष्म जीव पकडून खाते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली, त्यांत कासही आहे. सड्याला ‘पडीक’ समजणं ही मोठी चूक आहे. बॉक्साइटच्या खाणी आणि गाड्यांची चाकं जे कवच उकरतात, ते पुन्हा तयार व्हायला माणसाच्या पिढ्या पुरणार नाहीत.

प्रश्न : तो माथा आमच्यापासून दीडशे किलोमीटर दूर. उपनगरात राहणाऱ्याने त्याची एवढी फिकीर का करावी? (घाटकोपर)

उत्तर : कारण तुमच्या नळाचं पाणी त्या कडेच्या आडोशाला पडतं.

अरबी समुद्रावरून आलेलं वारं या भिंतीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि पाणी टाकतं. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजारांच्या वर, आणि तिथून पूर्वेला वाईपर्यंत गेलं की तो हजाराच्याही खाली उतरतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी आपल्या उद्यानातले, पण त्यांचा वाटा किरकोळ. खरा भार वाहतात ते भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा. त्यांत एकट्या भातसाचा वाटा निम्म्याच्या जवळपास. भातसाचं पाणी थळघाटाच्या परिसरातून येतं, वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरांतून. हे पाणी भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊन घरोघर पोचतं.

आता टोपोशीटवर निळ्या रेषा पाहा. त्र्यंबकपाशी थोड्याशा अंतराने पाण्याच्या दोन वाटा फुटतात. वैतरणा पश्चिमेला वळून अरबी समुद्राला मिळते आणि गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर धावून बंगालच्या उपसागराला. हरिश्चंद्रगडावर तर तीन वाटा आहेत. उत्तरेचं पाणी मंगळगंगेतून मुळा, प्रवरा करत गोदावरीला जातं. दक्षिणेचं पुष्पावती, कुकडी, घोड, भीमा करत कृष्णेला. कोकणकड्यावरून कोसळलेलं पाणी काळू नदीतून उल्हासला मिळतं आणि वसईच्या खाडीतून, म्हणजे बोरिवलीच्या उत्तरेला, समुद्रात जातं.

ही जलविभाजक रेषा कित्येक ठिकाणी अगदी कड्याच्या ओठावर आहे. आणि कड अजून मागे सरकते आहे. माळशेजला किंवा नाणेघाटात नकाशा पाहिलात तर पूर्वेकडची रुंद खोरी कड्यापाशी एकदम कापल्यासारखी संपतात. त्यांचा वरचा भाग कोकणाने केव्हाच गिळला आहे. अशाच खाचांतून सातवाहनांच्या काळात जुन्नर ते कल्याण–सोपारा व्यापार चालला आणि नाणेघाटाच्या गुहेत राणी नागनिकेचा शिलालेख कोरला गेला. हीच झीज कधी एका रात्रीत होते. ३० जुलै २०१४ च्या पहाटे भीमाशंकरच्या परिसरातलं माळीण गाव डोंगर खचून गाडलं गेलं आणि दीडशेच्या वर माणसं गेली. तीव्र उतार, कुजलेल्या खडकाची जाड माती आणि मुरलेला पाऊस एकत्र आले की काय होतं, हे त्या गावाने सोसलं. कुठे घरं बांधावीत, कुठे उतार कापू नये, हे समोच्च रेषा आधीच सांगत असतात. त्या वाचून निर्णय घेणं आपल्या हातात आहे.

प्रश्न : हे नकाशे मिळतात कुठे? आणि पत्रकाचा क्रमांक कसा ओळखायचा? (मुलुंड)

उत्तर : भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची, मुख्यालय देहरादूनला. पूर्वी अनेक पत्रकं सर्वांना मिळत नसत. २००५ च्या नकाशा धोरणाने नागरिकांसाठी खुली मालिका आली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत नियम आणखी सैल झाले. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून खुल्या मालिकेची पत्रकं उतरवून घेता येतात.

क्रमांकाची जुनी रीत सोपी आहे. चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांशाच्या चौकोनाला एक आकडा. आपला ४७. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग, ए ते पी. प्रत्येक भागाची पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांची सोळा पत्रकं. क्रम वरून खाली आणि मग उजवीकडे. म्हणून उपनगरं ४७ ए/१६ वर आणि नाणेघाट ४७ ई/११ वर. हरिश्चंद्रगडाचा माथा ४७ ई/१५ वर येतो, पण कोकणातला पायथा पाहायला ४७ ई/११ शेजारी लावावं लागतं. खुल्या मालिकेत क्रमांक बदलले असून आपल्या भागाचे ई४३ ने सुरू होतात. एक पत्रक साधारण २६ बाय २८ किलोमीटरचा मुलूख दाखवतं, आणि नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर.

शेवटी सगळ्यांना एकच विनंती. या पावसाळ्यात घाटमाथ्यावर जाणार असाल, तर निघण्याआधी त्या भागाचं पत्रक छापून घ्या, जाड रेषांवरून चढ मोजा, कड्याच्या खुणा लाल पेनाने गिरवा आणि मगच वाट ठरवा. पाऊस आणि धुकं असेल तेव्हा कड्याच्या ओठापासून लांब राहा, आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्या. नकाशा जमीन सांगतो. त्या दिवशीचा पाऊस आणि वाट गावातल्या माणसालाच ठाऊक असते.